खानाच्या घरी कोणी गेलं नाही

गुरुजी,

उद्या माझ्या नातीच्या वर्गात तो धडा आहे. कोणता, ते तुम्हाला सांगायला नको. महाराज, खान, शामियाना, मिठी, वाघनखं. पुस्तकं बदलली, चित्रं रंगीत झाली, पण धडा आहे तिथंच आहे, आणि तो असायलाच हवा असं मीही नोकरीभर म्हणत आले. आज दुपारी सून भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "आई, उद्या हिला पाठवू की घरी ठेवू?" तिनं अगदी सहज विचारलं, उद्या मासळी आणू की डाळ करू असं विचारावं तसं. मी तांदूळ निवडत होते, तो हात तिथंच थांबला. 'बघू' म्हणाले आणि खोलीत येऊन दार लोटून बसले. जन्मभर मास्तरकी केलेली बाई मी, गावोगावच्या आयांना 'पोरांची शाळा बुडवू नका' म्हणून दटावणारी, आणि माझ्याच घरातल्या चौथीतल्या पोरीबद्दल मला हो की नाही सांगता येईना. विचारायला दुसरं कोणी सुचलं नाही, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्ही जाऊन इतका काळ लोटला की तुमचा चेहराही मला आता धड आठवत नाही, आवाज तेवढा आठवतो.

आमच्या मोहल्ल्यात तेव्हा एक रीत होती. ती कोणी घालून दिली ठाऊक नाही. चौथीचा तो धडा जवळ आला की मोहल्ल्यातल्या पोरांची पोटं दुखायची. मोठी भावंडं धाकट्यांना आधीच सांगून ठेवायची, आया काही न विचारता ओवा चावायला द्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पोरं काही झालंच नाही अशा तोंडानं वर्गात जाऊन बसायची. जो चुकून त्या दिवशी शाळेत सापडला, त्याला पुढं वर्षभर 'ए खान' अशीच हाक बसायची. माझ्या चुलतभावाला ती बसली. तो मुळात शांत, अंगानं किडकिडीत, कोंबडी कापताना डोळे झाकणारा. त्यानं पाटी ठेवली ती ठेवलीच, आणि गलबतावर भंडाऱ्याचं, म्हणजे रांधायचं, काम करायला गेला. लोक म्हणाले, दर्यावर्द्याचं पोर, दर्यावर गेलं. खरं कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे बाबा तांडेल. मुंबईपासून पार खाली मलबारापर्यंत गलबत घेऊन जायचे. उंची दारात वाकावं लागेल अशी, छातीपर्यंत दाढी, आणि वाऱ्यावरून ओरडायची सवय असल्यामुळे घरातही आवाज चढाच. बाजारातून चालले की खारवीवाड्यातली आणि ब्राह्मणआळीतली पोरं बाजूला सरायची. मोहल्ल्यात उर्दू शाळा असताना त्यांनी मला मराठी शाळेत घातलं होतं. सरकारी कागद मराठीत येतो, दुकानदार मराठीत बोलतो, मग घरात एकाला तरी मराठी चांगलं वाचता यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून चाचा आणि जमातीतले बुजुर्ग त्यांना खूप बोलले. तेव्हा एका संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "मी तुला घातलाय, लोकांचा ऐकून घेतंय. पन एकदा जरी रडत आलीस ना, दुसऱ्या दिवशी शाळा बंद." ते रागानं बोलले नव्हते. घाबरून बोलले होते, हे मला आई झाल्यावर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की रडत घरी जायचं नाही. वाटेत एक वाहता पऱ्या होता, त्याच्या पाण्यानं मी तोंड धुवायची, डोळ्यांचा लाल रंग जाईपर्यंत तिथंच बसायची आणि मग घरी जायची. मला शाळा हवी होती, गुरुजी. इतकी हवी होती की आता लिहिताना मलाच नवल वाटतं.

तुम्ही आलात ते देशावरून. चिपळूणपर्यंत एस.टी.नं आणि पुढं खाडीनं होडीत बसून. होडी धक्क्याला लागली तेव्हा तुम्ही डोळे गच्च मिटून, फळी दोन्ही हातांनी धरून बसला होतात. ही बातमी तुमच्या ट्रंकेच्या आधी गावात पोचली. गाव हसला. 'घाटी मास्तर आलाय, पाण्याला भितोय.' तुमचं 'काय वो' आणि 'बसा की' पोरं मधल्या सुट्टीत करून दाखवायची, मीही हसायची. घाटी म्हटलं की राकट, उद्धट आणि मिरचीवर जगणारा, असं आम्हा सगळ्यांना जन्मापासून ठाऊक होतं. तुम्ही तर दुधात गूळ घालून पोहे खायचात. पण ठाऊक असलेलं अशानं बदलत नाही. पोरं म्हणायची, हाच एक घाटी निराळा आहे.

पहिल्या वर्षी तुम्ही नुसतं पाहिलंत. तो धडा शिकवलात, त्या दिवशी मोहल्ल्याची बाकं रिकामी होती, हे तुमच्या लक्षात राहिलं. दुसऱ्या वर्षी मी चौथीत आले आणि आषाढात तुम्ही बाबांना भेटायला बंदरावर आलात. गलबतं वर ओढून नारळीच्या झापांनी शाकारलेली, बाबा दोर वळत बसलेले. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तुम्ही म्हणालात की यंदा धड्याआधी मी मुलांना सांगणार आहे, महाराजांच्या आरमारातही मुसलमान होते, इमानानं लढले, म्हणजे तुमच्या मुलांना वर्गात ताठ बसता येईल. तुम्हाला वाटलं होतं बाबा खूश होतील. बाबांनी दोर खाली ठेवला.

"मास्तर, तुमी भलेपनानं बोलताय, मला कळतंय. पन म्हंजे माझ्या पोरीनं चांगल्याचा दाखला दाखवून वर्गात बसायचा काय? भटजीच्या नातवाकडं कोन मागतो दाखला?"

चहा निवला. मला वाटलं तुम्ही चिडलात आणि आता माझं नाव पटावरून काढाल. तुम्ही उठलात, 'बरोबर आहे तुमचं' एवढंच म्हणालात आणि चिखलातून शाळेकडे गेलात.

पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेत तुम्ही फळ्याला पाठ लावून उभे राहिलात आणि म्हणालात, मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी विहिरीत पडलो होतो, तेव्हापासून. पोरं तुम्हाला हसायची ती त्या भीतीलाच, आणि तुम्ही ती स्वतः काढून समोर ठेवलीत, आता कोणी काय करायचं? मग तुम्ही आम्हाला काम दिलंत. प्रत्येकानं दुसऱ्या आळीतल्या एका घरी जायचं आणि विचारून यायचं की या घरात कोण कशाला घाबरतं. स्वतःच्या घरची गोष्ट सांगायची नाही, दुसऱ्याची आणून सांगायची, आणि ज्याची गोष्ट त्याला शनिवारी शाळेच्या ओटीवर येऊन बसायचं आमंत्रण द्यायचं. एवढं बोलून तुम्ही चिठ्ठ्या टाकल्या. पराक्रमाच्या गोष्टी का नाही, असं कोणीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, पराक्रम सांगायला लागलं की ज्यानं त्यानं आपला झेंडा काढायचा, भीतीला झेंडा नसतो.

मला खारवीवाड्यातलं घर आलं. मासे विकणारी बाई, नवरा दर्यात गेलेला, आणि तिचा आवाज असा की बाजारात तिनं भाव सांगितला तर बंदरावर कळावा. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारलं. ती आधी हसली, शेजारणीला हाका मारून तिनं सांगितलं, बघा, मास्तरानं काय इचारायला लावलान. मग खाली बसली आणि हळू म्हणाली, "जेवताना घरात कोन बोलला नाय का माझा जीव घाबरतो बघ. होडी आली नाय त्या रात्री आमी सगळी अशीच जेवलो. कोनी तोंड उघडलान नाय." म्हणून ती बोलत राहते, मोठ्यानं, पोरं झोपेपर्यंत. मी ते वर्गात सांगितलं. ती ओटीवर पदर सावरून बसली होती. सांगून झाल्यावर मी शहाणपणानं जोडलं, "म्हणून खारविणी सगळ्या मोठ्यानं बोलतात, गुरुजी." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "सगळ्या? तू किती घरी गेली होतीस?" एका, मी म्हणाले. "मग एका घरचं सांग." एवढंच. तुम्ही आवाजही चढवला नाहीत, पण माझे कान तापले. 'सगळे' या शब्दानं घायाळ झालेली मी, आणि तोच शब्द माझ्या तोंडात इतका सहज आला. पुढं मी शिकवायला लागले तेव्हा वर्गात कोणी 'सगळे' म्हटलं की मी तुमचाच प्रश्न विचारायची.

एकेक शनिवार जात होता. भूत उतरवणारे भटजी पावसाळ्यात बेडकाला घाबरून ओटीवरून खाली उतरत नाहीत, हे खारवीवाड्यातल्या एका पोरानं सांगितलं तेव्हा भटजी ओटीवर बसून स्वतःच कबूल करत होते. गाव हसत होता, पण पूर्वीसारखा एकमेकांच्या पाठीमागं नाही. माझी रात्रीची झोप मात्र उडाली होती, कारण आमच्या घरची चिठ्ठी त्याच भटजींच्या नातवाला आली होती. माझ्या चुलतभावाला 'ए खान' म्हणणाऱ्यांत तो पुढं होता. आणि आमच्या घरात कोण कशाला घाबरतं हे मला पक्कं ठाऊक होतं. माझे बाबा म्हशीला घाबरायचे. वादळात सुकाणू न सोडणारा माणूस, पण समोरून शिंगं हलवत म्हैस आली की कुणाच्याही वईआड, कुंपणामागं, जाऊन उभा राहायचा. आमच्या घरात हे कोणी बोलत नसे. बाबांचा एवढा एकच दबदबा होता आणि तो त्या पोराच्या हातात जाणार होता. वर्ग त्यांना हसला असता तर मला रडू आवरलं नसतं, आणि रडत गेले असते तर शाळा संपली असती. मी आईला म्हणाले, तू सांग की तू अंधाराला घाबरतेस. आई म्हणाली, "मी कदी अंधाराला घाबरलंय?"

भटजींचा नातू आला तेव्हा मी दाराआड उभी होते. तो अंगणाच्या कडेला, पागोळ्यांखाली भिजत उभा राहिला. बाबांनी त्याला ओटीवर बोलावलं, तो आला नाही. मग बाबाच पायरीवर येऊन बसले. पोरानं विचारलं. बाबांनी दाढीवरून हात फिरवला, एकदा दाराकडं बघितलं, आणि मला वाटलं ते आता काहीतरी मर्दपणाचं सांगतील, वादळ किंवा मगर. ते म्हणाले, "म्हशीला." पोर बघतच राहिलं. बाबा म्हणाले, "हसतोस काय? तुझ्याच आज्याच्या म्हशीला. तुमच्या वईआड कितींदा लपलंय मी. इचार आज्याला."

शनिवारी बाबा ओटीवर धुतलेल्या सदऱ्यात बसले होते. त्या पोरानं गोष्ट अशी रंगवली की वर्ग लोळायला लागला. बाबा वईआड कसे उभे राहायचे आणि 'जनावर गेला काय?' असं आतल्या भटजींना कसं विचारायचे, ते त्यानं हावभावांसकट केलं. मी खाली बघून बसले होते. मग ओटीवरून एक मोठा आवाज आला. बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि शेजारी भटजी त्यांच्या गुडघ्यावर थापा मारत होते, आपण विटाळलो असं कोणी म्हणेल हे विसरून.

आणि मग तो दिवस आला. सकाळी मोहल्ल्यातल्या दोन घरांत ओवा निघाला होता. बाबांनी मला काही विचारलं नाही, जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. मी गेले. तुम्ही पुस्तक उघडता, धड्याचं नाव वाचता, आणि ज्याला मी इतके दिवस भीत होते ते होतं. माना वळतात. सवयीनं वळतात, त्यात द्वेष नसतो, पण वळतात. तेवढ्यात भटजींचा नातू हात वर करतो. "गुरुजी, खान कशाला घाबरायचा?" मागून कोणी खारव्याचं पोर म्हणतं, म्हशीला, आणि वर्ग फुटतो. मीही हसते आहे हे मला उशिरा कळतं.

तुम्ही हसला नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबलात. "मला ठाऊक नाही," म्हणालात. "त्याच्या घरी विचारायला कोणी गेलं नाही. पण महाराजांना त्या दिवशी भीती वाटली असणार. वाटली म्हणून तर अंगरख्याच्या आत चिलखत घातलं. आणि भीती वाटत असताना गेले. ते मोठेपण." मग तुम्ही धडा वाचलात, एक शब्दही न गाळता, शेवटपर्यंत. खान मारला गेला. तेव्हा पुन्हा काही माना वळल्या. सगळ्या नाही. त्या दिवशी मी पऱ्यावर थांबले नाही, सरळ घरी गेले आणि भूक लागली म्हणून आईला सांगितलं.

'त्याच्या घरी विचारायला कोणी गेलं नाही' हे एक वाक्य तुम्हाला भोवलं. भटजींच्या नातवानं ते घरी जसंच्या तसं म्हणून दाखवलं असणार. भटजी काही बोलले नाहीत, पण त्यांच्या आळीतले बाकीचे म्हणाले, मास्तर खानाला घरदार देतो, उद्या त्याचं श्राद्ध घालायला सांगेल. मोहल्ल्यात चाचा म्हणाले, आधी तांडेलाला हसं केलान आणि मग त्याच म्हशीवरून खानाच्या पंगतीत बसवलान. एरवी एका फळीवर न बसणारी ही माणसं तुमची तक्रार घेऊन एकाच होडीतून तालुक्याला गेली. शाळेचं फुटकं कौल बदलायला वर्ष लावणाऱ्या कचेरीनं तुमच्या बदलीचा हुकूम नारळी पौर्णिमेच्या आत धाडला. बाबा तालुक्याला जाऊन तुमच्या बाजूनं बोलून आले. त्याचा उपयोग झाला नाही.

तुम्हाला खाडीपार न्यायला बाबांनी स्वतः होडी काढली. पाण्याला तेव्हा ओढ होती. मी धक्क्यावर उभी राहिले आणि सगळ्या गावासमोर मोठ्यानं रडले, आणि रडतच घरी गेले, कारण पऱ्या आठवायचं भानच नव्हतं. संध्याकाळी बाबा परत आले तेव्हा माझे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, झालं. बाबा हातपाय धुऊन जेवायला बसले. म्हणाले, "मास्तरानं सगळी वाट डोळे उघडलान नाय. हात माझा धरून बसलान." मग बराच वेळ जेवले आणि न बघताच म्हणाले, "सकाळी लवकर ऊठ. शाळा हाय ना?" दुसऱ्या दिवशी ते मला शाळेच्या पायरीपर्यंत सोडायला आले.

तुम्ही पुढं कुठं कुठं होतात ते मला कळलं नाही. मी ट्रेनिंगला असताना देशावरच्या एका मैत्रिणीकडून तुम्ही गेल्याचं समजलं, तेही तिच्या बोलण्यात सहज आलं म्हणून. त्या दिवशी तुम्हाला लिहायला हवं होतं असं वाटलं आणि हसू आलं, गेलेल्या माणसाला काय लिहायचं.

आता दिवेलागण झाली आहे. मघाशी मी बाहेर जाऊन सुनेला 'पाठव' म्हणून सांगून आले. नात अभ्यास करत होती. तिच्या शाळेत ओटी नाही, फाटकावर पहारेकरी आहे, कोणाच्या घरी कोणी काही विचारायला जात नाही, आणि तिच्या बाईंना मी ओळखत नाही. मी तिच्याजवळ बसले आणि तिला एवढंच सांगितलं, बाळा, उद्या रडू आलं तर रडतच घरी ये, वाटेत तोंड धुऊ नकोस, शाळा बंद होणार नाही. ती म्हणाली, "दादी, मी कशाला रडेन?" तिला खरंच ठाऊक नाही, की माझ्यासारखंच लपवायला शिकली आहे, ते मला ओळखता आलं नाही.

आणि गुरुजी, ती रडत आली तर तिला काय सांगायचं, तेही मला ठाऊक नाही.